आमच्या गच्चीचा हवामान अंदाज

“त्रेचाळीस डिग्री सांगताना लाजते का कोणी?”

मी दारात चपला काढत होते. डोक्याला उन्हासाठी बांधलेला रुमाल अजून सुटला नव्हता, तोच सिंधूआत्यानं वाट अडवली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता, माझ्यासाठीच आणलेला. पण आधी उत्तर, मग पाणी, असा तिचा चेहरा होता.

“कोण लाजलं?”

“तू. आत्ता. रेडिओवर. ‘कमाल तापमान त्रेचाळीस पूर्णांक दोन’ म्हणाली अन् अशी हसली, जसं कोणी हळद लावून राहिलं तुले. एकटीनं नाही ऐकलं मी. विचार मथुराबाईले.”

मथुराबाई म्हणजे शेजारीण. दोन घरांच्या मधल्या भिंतीवर तिचं डोकं चोवीस तास उगवलेलं असे. आताही होतंच.

“हसली वो माय,” ती म्हणाली. “आमचा म्हातारा तर म्हणाला, यंदाचा उन्हाळा काही वाईट नाही जात. सांगणारी पोट्टी खुशीत आहे.”

मी तांब्या हिसकावून घेतला आणि गटागटा पाणी प्यायले. तोंड झाकायला तेवढंच होतं.

त्या वर्षी मी बावीस वर्षांची होते. आईवडील खेड्यावर राहायचे आणि मी जिल्ह्याच्या गावी आत्याकडे राहून तिथल्या छोट्या रेडिओ केंद्रावर निवेदिकेचं काम करायची. कायमची नोकरी नव्हती, बोलावलं की जायचं. पण उन्हाळ्यात कायमच्या माणसांना आपापल्या घरची लग्नं असत, त्यामुळे एप्रिलभर दुपारचं हवामान माझ्या वाट्याला आलं होतं. गावाबाहेर वेधशाळा होती. तिथून रोज फोन यायचा, पलीकडचा माणूस अंदाज सांगायचा, मी तो कागदावर उतरवून घ्यायची आणि माईकसमोर बसून वाचायची. सगळं दुसऱ्याचं. माझा फक्त आवाज.

पलीकडचा माणूस म्हणजे यशवंत उमाठे. मी त्याला पाहिलेलं नव्हतं आणि त्यानं मला. एप्रिल लागता लागता त्यानं उन्हाळ्याच्या सुरुवातीचा लांबचा अंदाज सांगितला. “लिहा, गुल्हानेबाई. विदर्भाच्या मैदानी भागात तापमान सरासरीपेक्षा अधिक राहील. अधूनमधून तुरळक ठिकाणी मेघगर्जना, वादळी वारे आणि हलक्या सरींची शक्यता.” मग जरा थांबून तो म्हणाला, “आता हे वाचायचं नाही.”

“काय?”

“आमच्या आवारातला कडुनिंब फुललाय. खिडकीतून वास येऊन राहिला.”

मी सवयीनं तेही लिहून घेतलं, आणि माईकसमोर जवळजवळ वाचलंच होतं. ‘आवारातला’ इथपर्यंत गेले आणि खोकून परत आले. तेव्हापासून रोज अंदाज संपला की ‘आता हे वाचायचं नाही’ सुरू व्हायचं. वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या काट्यावर बसून एक कावळा गोल फिरतो, ते त्यानं सांगितलं. पाऊस मोजायच्या भांड्यात सरड्यानं संसार मांडलाय, तेही सांगितलं. आणि त्या दिवशी म्हणाला, “त्रेचाळीस आहे खरं. पण तुम्ही सांगितलं की तेवढं वाटत नाही.”

आता यावर हसू नये तर काय करावं?

मी त्याच्या प्रेमात पडले होते, आडून आडून सांगण्यात अर्थ नाही. न पाहिलेल्या माणसाच्या, टेलिफोनच्या तारेवरून. दिवसभर पायाखाली जमीन आहे की नाही याचा पत्ता नसायचा. आणि नेमकं येत्या रविवारी हिंगणघाटहून एक स्थळ मला बघायला येणार होतं. ते आत्यानंच आणलेलं. वडिलांनी तिला सांगून टाकलं होतं, “पोरगी तुझ्या घरी आहे, तू म्हणशील ती पूर्व.” हिंगणघाटच्या मुलाचं सगळं पक्कं होतं. घर पक्कं, नोकरी पक्की, आणि आत्याच्या मते स्वभावही पक्का. रविवारी ते लोक आले असते, आत्या ‘दिली’ म्हणाली असती, आणि विषय मिटला असता. मला कोणी काही विचारलेलं नव्हतं.

त्यात आल्या कुरड्या.

आमच्या गल्लीत कुरड्या एकटीनं करायची रीत नव्हती. पाळी असे. आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या, आणि गल्लीतल्या सगळ्या बाया रोज सगळ्यांकडे. कुरडीचा गहू तीन दिवस आधी भिजत घालावा लागतो. रोज पाणी बदलायचं, मग वाटायचा, पिळायचा, आणि खाली बसतो तो पांढराशुभ्र चीक सकाळी शिजवायचा. एकदा गहू पाण्यात पडला की माघार नाही. चीक थांबत नाही, आंबतो. म्हणजे कडक ऊन कधी पडणार हे तीन दिवस आधी कळायला हवं. साऱ्या जिल्ह्यात हवामानाचा अंदाज कान देऊन कोण ऐकत असेल, तर आमची गल्ली.

शिवाय गल्लीचा एक ठाम समज होता. जी सांगते, तिच्या हातात असतं. मी सकाळी सायकल काढली की एकीचा तरी आवाज यायचा, “मंदे, उद्या आमची पाळी आहे वो. जरा कडक सांगजो.” पंधरवड्यापूर्वी टोकाच्या घरची पाळी असताना दुपारी आभाळ भरून आलं, तर त्या बाईनं माझ्याशी बोलणं टाकलं. “आमच्याच दिवशी तुले ढग सुचले का?” म्हणून. मी शपथा घेतल्या, सगळं वेधशाळेतून येतं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, “वाचताना गाळता नाही आलं?”

आत्याची पाळी शुक्रवारी होती. आणि आठवड्याच्या शेवटी, उमाठे म्हणाला होता, तुरळक ठिकाणी सरी.

सोमवारी संध्याकाळी अंगणात त्यावर बैठकच बसली. तुरळक ठिकाण नेमकं कुठं आलं?

“स्टेशनाच्या तिकडं असन,” मथुराबाई म्हणाली. “तिकडं नेहमीच काही ना काही असते.”

“मंग तसं नाव घेऊन सांगावं न,” आत्या म्हणाली. “बाकी सगळ्याले नाव आहे. याच ठिकाणाले काहून नाही? त्याले माहीत नाही का सांगायचं नाही?”

दुसऱ्या दिवशी फोनवर मी उमाठेला सरळच विचारलं, शुक्रवारी आमच्या गल्लीत काय. तो हसला नाही. म्हणाला, “गल्लीपुरतं नाही सांगता येत, बाई. शक्यता आहे, एवढंच.”

घरी येऊन मी हे आत्याला सांगितलं. ती सुपात गहू निवडत होती. सूप तिनं खाली ठेवलं.

“शक्यता! हे पाह्य, मंदे. माह्या घरात एक माणूस तीस वर्षं झाले ‘पाहू’ म्हणून राहिला. घर घ्यायचं का, तर पाहू. पोराची मुंज, पाहू. विहिरीवर मोटर, पाहू. सगळं मी केलं, अन् तो पाहून राहिला.” मामाजी, म्हणजे तिचे यजमान, दोन हातांवर बाजेवर पेपर वाचत पडले होते. त्यांनी पान उलटलं. “आता दुसरा ‘शक्यता’ म्हणणारा मी या घरात येऊ देणार नाही.”

“घरात कोण येतंय?” मी म्हटलं.

“बहिरी नाही मी. रेडिओ ऐकून राहिली महिनाभर.” तिनं सुपातला गहू धडाधडा पातेल्यात ओतला आणि वरून पाणी सोडलं. झालं, शुक्रवार ठरला. “अन् बोलाव त्याले त्या दिवशी. चीक घोटायला हात पाहिजेच मले.”

भिंतीवरून मथुराबाईनं दोन्ही हात तोंडाशी नेले. कारण चीक घोटायला बोलावणं म्हणजे काय, हे गल्लीला माहीत होतं. उकळत्या पाण्यात चीक पडला की तो घोटत राहावा लागतो, हात क्षणभर थांबला की गुठळी. आत्याचं म्हणणं असं, की त्या वेळी माणूस खोटं बोलू शकत नाही, तेवढी त्याला फुरसतच नसते. तिनं दोन्ही सुना चुलीवरच्या गंजाजवळ, म्हणजे मोठ्या पातेल्याजवळ, उभ्या करूनच निवडल्या होत्या. हिंगणघाटवाल्यालाही रविवारी भज्यांचं पीठ तरी घोटायला लावलं असतं तिनं.

मी फोन केला. “शुक्रवारी सकाळी आमच्याकडे कुरड्या आहेत. आत्यानं तुम्हाला बोलावलंय.”

“खायला?”

“घोटायला.”



“येतो,” तो म्हणाला. “पण आता हे वाचायचं नाही.”

“काय?”

“मला घोटता येत नाही.”

शुक्रवारी उजाडता उजाडता गच्चीवर गल्लीच्या बाया जमल्या. जुन्या साड्या अंथरल्या गेल्या, कोपऱ्यात विटांची चूल पेटली, वर मोठा गंज चढला. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. मी सकाळपासून तीनदा वेणी घातली होती आणि तिन्ही वेळा ती वाकडी आली होती. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली, आणि पहिल्यांदा वर आली ती एक छत्री.

काळी, लांब दांड्याची, बंद छत्री. तिच्यामागून उमाठे.

आवाजावरून मी भरदार माणूस धरून चालले होते. हा त्या आवाजात दोनदा मावला असता. काटकुळा, उंच, कान मोठे, शर्ट इस्त्रीचा. पण मला बघून त्यानं “गुल्हानेबाई?” म्हटलं, आणि आवाज तोच होता. मी हातातली परात उगाच खाली ठेवली.

बाकी कोणी त्याच्याकडे पाहतच नव्हतं. सगळ्या छत्रीकडे पाहत होत्या.

“कुरडीच्या दिवशी,” आत्या एकेक शब्द वेगळा काढत म्हणाली, “छत्री घेऊन कोणी येते का?”

“उन्हासाठी आहे, आत्या,” मीच घाईनं म्हटलं. “ऊन केवढं—”

“दोन्हीसाठी,” उमाठे म्हणाला.

मला त्याला जिन्यावरून खाली ढकलावंसं वाटलं. अरे, एकदा तरी खोटं बोल! पण तो शांतपणे छत्री कठड्याला टेकवत होता. आत्यानं लाकडी घोटणी त्याच्या हातात दिली आणि गंजात चीक सोडला.

“घोटा.”

तो घोटायला लागला. सुरुवातीला घोटणी त्यालाच फिरवत होती. बाया पदरात तोंड खुपसून हसत होत्या. मग हळूहळू त्याला लय सापडली. घाम नाकावरून टपकायच्या बेतात आला की तो मान वळवून तो खांद्याला पुसायचा, पण हात थांबवत नव्हता.

“घरी कोण कोण?” आत्यानं सुरू केलं.

“आई. धाकटा भाऊ.”

“सैपाक येते का?”

“भात येतो. वरण बिघडते.”

“रागीट आहे का?”

“नाही. अबोला धरतो पण. दोन दोन दिवस.”

“फोनवर तर लय बोलता म्हणे.”

“तिथं अबोला नाही धरवत,” तो म्हणाला आणि त्याचे कान तांबडे झाले. मथुराबाईनं मला इतक्या जोरात चिमटा काढला, की दुसऱ्या दिवशी तिथं निळं झालं होतं. मला काय, आनंदानं तिथल्या तिथं गिरकी घ्यावीशी वाटत होती.

“आज पाऊस येइन का?” आत्यानं मध्येच टाकलं.

“शक्यता आहे.”

“येइन का नाई?”

“सांगता येत नाही, आत्याबाई.” घोटणी फिरतच होती. “मला माहीत नाही ते मी माहीत आहे कसं म्हणू?”

आत्याचा चेहरा पडला. तिनं चीक बोटावर घेऊन पाहिला. एकही गुठळी नव्हती. पण तिनं नुसतं बोट पदराला पुसलं, आणि ते मला गुठळीपेक्षा वाईट वाटलं.

मग साचे भरले गेले. बाया ओळीनं बसल्या आणि साड्यांवर कुरड्या पडायला लागल्या, पांढऱ्या, गोल, ओल्या. मुलं वाट्या घेऊन गरम चीक साखर घालून खाऊन गेली. उमाठेही पडेल ते काम करत होता, पाणी आण, साचा धू, साडीचे कोपरे विटांनी दाब. ऊन चढलं तसं चटके बसू लागले. मी त्याच्या शेजारून तीनदा विनाकारण गेले. तिसऱ्यांदा तो हळूच म्हणाला, “आता हे वाचायचं नाही. मला वाटलं होतं तुम्ही जाड असाल.” मी हसू दाबायला गेले आणि मला उचकीच लागली.

दुपार झाली. कुरड्या वरून वाळल्या होत्या, खालून ओल्या होत्या. आणि पश्चिमेला, रेल्वेच्या रुळांच्या पार पलीकडे, एक ढग उभा राहिला.

आमच्याकडची जमीन सपाट. गच्चीवर उभं राहिलं की रुळांपलीकडे नुसतं उन्हात भाजलेलं काळं रान, मध्ये काही आडवं येत नाही. पाऊस आला तर घटकाभर आधी दिसतो. त्या ढगाखाली करड्या रंगाचा पडदा लोंबत होता. आमच्या डोक्यावर मात्र सूर्य नुसती आग ओकत होता.

साऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. आणि एकेक करून सगळ्यांनी उमाठेकडे पाहिलं. तो छत्री उघडून, तिच्या सावलीत, डोळे बारीक करून ढगाकडे बघत होता.

“उचलायच्या का राहू द्यायच्या?” आत्यानं विचारलं.

यातली मेख गच्चीवरच्या सगळ्यांना माहीत होती. अर्धवट ओल्या कुरड्या उचलल्या तर त्या मोडतात, चिकटतात, चुरा होतो. रूप जातं, पण तळून खाता येतात. न उचलता पाऊस पडला तर सगळ्याचा चिखल. वर्षाची बेगमी ओतून द्यायची.

“शक्य—”

आत्यानं साचा वर उचलला. “एक शब्द. तेवढाच.”

मी मनात म्हणत होते, राहू द्या म्हण. ऊन बघ केवढं आहे. राहू द्या म्हण, पाऊस येणार नाही, संध्याकाळी आत्या कडकडीत कुरड्या डब्यात भरेल आणि रविवार टळेल. इतकं सोपं होतं. सगळ्या बायांना तेच हवं होतं. त्यानं ढगाकडे पाहिलं. मग कुरड्यांकडे. मग माझ्याकडे, जरा जास्तच वेळ.

“उचला,” तो म्हणाला.

“एवढ्या उन्हात?” मथुराबाई ओरडली. “बह्याड झाला का?”

कोणी हललं नाही. आत्याही नाही. मला आठवतंय, मी काही विचार केला नाही. वाकले आणि जवळच्या साडीची दोन टोकं धरली. त्यानं छत्री फेकली आणि पलीकडची दोन धरली.

मग मात्र जी धांदल उडाली! सगळ्याच धावल्या. साडीमागून साडी जिन्यावरून खाली, कुरड्या वाकताहेत, मोडताहेत, एकमेकींच्या केसांना चिकटताहेत. एक बाई रडकुंडीला आली होती, दोघी हसून हसून वाकल्या होत्या. खाली मामाजींनी पेपरासकट बाज भिंतीशी सरकवली, आणि तरी त्यांच्या पायावर एक साडी अंथरली गेलीच. खोल्या, पडवी, देवघर, सगळीकडे कुरड्या. आणि प्रत्येक फेरीत साडीच्या पलीकडच्या टोकाला उमाठे, धापा टाकत, कपाळाला चीक लागलेला. पुढचं आयुष्य असंच जावं, असं मला त्या जिन्यात वाटलं.

शेवटची साडी खाली गेली आणि आम्ही सगळ्या रिकाम्या गच्चीवर परत आलो, पाऊस बघायला.

तो येत होता. वारा सुटला, धूळ उठली. आणि गंमत अशी, की महिनाभर ज्या बाया पावसाच्या नावानं बोटं मोडत होत्या, त्याच आता कठड्याला टेकून त्याला बोलवायला लागल्या. एवढा कुटाणा केला तो फुकट जायला नको होता. “ये बाप्पा, ये!” मथुराबाई पदर हलवत होती. “इकडं, इकडं वो!” सगळ्यांत जोरात मी ओरडत होते. माझा सगळा जीव त्या ढगात होता.

पडदा रुळांपर्यंत आला. तिथं थबकला. मग रुळांच्या कडेकडेनं, आगगाडीसारखा, खुशाल दक्षिणेला निघून गेला.

आमच्याकडे एक थेंब नाही. वारा पडला. ऊन पुन्हा लखलखीत.

मी कठडा धरून उभी होते. रविवार मला स्पष्ट दिसत होता, त्या ढगाहून स्पष्ट.

“चुकलं माझं, आत्याबाई,” उमाठे म्हणाला. शक्यताच सांगितली होती, असं म्हणायची सोय होती. ती त्यानं वापरली नाही.

आत्या चुलीजवळच्या विटेवर बसली.

“एक सांगा. खरंच येइन वाटलं होतं का?”

“नाही.”

“काय?”

“न येण्याचीच शक्यता जास्त होती. तसा ढग आमच्याकडे बहुतेक वेळा रुळांवरून वळतोच.”

गच्चीवर एकच गलका झाला. आत्यानं हात वर करून तो थांबवला. “मंग उचला कायले म्हटलं, बाप्पा? एवढा चुरा केला माह्या कुरड्यांचा!”

“राहू द्या म्हटलं असतं अन् चुकून आलाच असता, तर तुमचं वर्षाचं गेलं असतं.” तो खाली मान घालून बोलत होता, पण आवाज स्वच्छ होता, रोज फोनवर यायचा तसा. “उचला म्हटलं अन् नाही आला, तर चुरा तरी राहतो. गेलं तर माझं एकट्याचं जाणार होतं.”

“तुमचं? तुमचं काय जाणार होतं?”

त्यानं मान वर केली.

“तुमची भाची.”

मथुराबाईनं मला परत चिमटा काढला, त्याच जागी. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि त्याच वेळी उचकी परत सुरू झाली. आत्यानं पदरानं तोंड पुसलं. घामच पुसत होती म्हणे. मी इतकी वर्षं त्यावर तिच्याशी वाद घातला.

“बह्याडच आहे रे तू,” ती उमाठेला म्हणाली. सकाळपासूनचं ‘तुम्ही’ गेलं होतं. मग तिनं मला दरडावलं, “उभी काय राहिली अशी? खाली जा. मामाजीले म्हण, हिंगणघाटले तार करा. रविवारी येऊ नका म्हणा.”

मी जिना कसा उतरले मला माहीत नाही. मामाजी बाजेवर बसले होते, पाय वर घेऊन, कारण खाली पाऊल ठेवायला जागा नव्हती. मी उचक्या देत देत निरोप सांगितला. त्यांनी चष्मा लावला, पेपराच्या कोऱ्या कडेवर पेन टेकवलं.

“काय लिहू?”

“लिहा,” मी म्हटलं. “मुलीचं लग्न ठरलं.”

त्यांनी सावकाश अक्षरं काढली. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. वर गच्चीवर हसण्याचा कल्लोळ उठला होता, त्यात आत्याचा आवाज होता आणि त्याचाही.

“कोणी ठरवलं?” मामाजींनी विचारलं.

“मी,” मी म्हणाले.